डाव्या हातावरचे वाफे

आमच्या घरमालकीणबाईंचे दोन हात एका बाईचे वाटत नसत. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. ट्रंक अजून ओट्यावरच होती, नवरा आत जाऊन खोलीला खिडकी आहे का बघत होता आणि मी पदर सावरून उभी होते. बाई समोर आल्या आणि म्हणाल्या, "डोळं मीट."

मी मिटले. मोठ्या माणसानं काही सांगितलं की आधी करायचं आणि मग घाबरायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय.

त्यांनी आपला एक हात माझ्या हातात दिला. "कोपरापासून मनगटापत्तुर हात फिरीव. आन् वय सांग ह्याचं."

कातडी अशी खरखरीत, की भिंतीवरून हात फिरवतोय असं वाटावं. मी म्हटलं, "साठ असेल."

मग दुसरा हात आला. "आन् ह्याचं?"

हा मऊ होता. नुसता मऊ नाही, पाटावर मळून ठेवलेल्या कणकेसारखा, दाबला की परत वर येणारा. मी चाचरत म्हटलं, "चाळीस?"

"उघड डोळं. दोन्ही बी माजंच हायती. माजं वय बावन्न." त्या खूश होऊन आत ओरडल्या, "अवं, आयकलं का? ह्या खेपंला वीस वर्साचा फरक पडला!"

आतून त्यांच्या नवऱ्याचा, तात्यांचा, आवाज आला, "मग त्या दोघींतल्या धाकटीला च्या टाकायला सांग."

असं आमचं जळोचीत राहणं सुरू झालं. नव्वदीच्या मधली वर्षं. बारामती तेव्हा आजच्यासारखी येऊन अंगाला भिडली नव्हती. मध्ये ऊस होता, बांध होते, आणि आक्कांचं घर त्या बांधांच्या कडेला. त्यांना सगळे आक्काच म्हणत. मीही आक्काच म्हणायला लागले. मी मूळची सावंतवाडीकडची. आठवीत असताना आई अंथरुणाला खिळली, घर कोण बघणार म्हणून माझी शाळा सुटली, ती सुटलीच. लग्न होऊन इतक्या लांब आले तेव्हा मला तीन गोष्टींची भीती होती: कुणी शिक्षण विचारेल याची, माझ्या बोलण्याला कुणी हसेल याची आणि परत जावं लागेल याची. यातली तिसरी सगळ्यांत मोठी. नवऱ्याचं औद्योगिक वसाहतीतलं काम कंत्राटी होतं. दोघांनाही काम मिळून टिकलं तर इथं राहायचं, नाहीतर शिमग्याला गावी गेलो की तिथंच थांबायचं, असं घरून निघताना ठरलेलं. तिथंच थांबायचं म्हणजे अकरा माणसांच्या घरात रोज एकदा तरी ऐकायचं, "गेली होती मोठी घाटावर."

हातांची भानगड अशी होती. आक्कांच्या डाव्या हातावर, कोपराखाली, लहानपणी गोंदलेलं होतं. मधोमध तुळस, तिच्याखाली पाच ठिपके, मनगटाजवळ एक विंचू. त्या गोंदणाच्या आधारानं त्यांनी हाताचे वाफे पाडले होते. तुळशीच्या वरचा वाफा करडईच्या तेलाचा. तुळस आणि ठिपके यांच्यामधला तिळाच्या तेलाचा. ठिपके ते विंचू शेंगदाण्याचा. कोपराच्या खोबणीत कधी जवस, कधी कारळं, म्हणजे ज्याची चाचणी चालू असेल ते. रोज संध्याकाळी हात-पाय धुऊन झाले की प्रत्येक वाफ्याला दोन-दोन थेंब. सकाळी उठल्यावर उजेडात हात धरून पाहणी. त्या तिला 'पीक बघणं' म्हणत.

आणि उजवा हात? "त्यो पड हाय," त्या म्हणत. पड म्हणजे न पेरलेलं रान. "समदीकडं पेरल्यावर फरक कशाशी बघायचा?" उजव्या हाताला त्यांनी वर्षानुवर्षं तेलाचा थेंब लावला नव्हता.

या पड हातापायी त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात रुसवाफुगवा झाल्याचं तात्या सांगायचे. हळदीला वरमाईलाही तेल-हळद लावतात. बायका वाट्या घेऊन आल्या. आक्कांनी डावा हात पुढं केला, दोन्ही पाय पुढं केले, तोंड केलं, आणि उजवा हात पाठीमागं नेऊन ठेवला. नणंद म्हणाली, "वैनी, आज तरी." आक्का म्हणाल्या, "लगीन त्याचं हाय, माज्या हाताचं न्हाय." नणंद रागावून जेवली नाही. शेवटी तात्यांनी मध्ये पडून सांगितलं की हिच्या उजव्या हाताला नवस आहे. नवस म्हटल्यावर सगळ्या गप्प बसल्या. "खोटं बोललो," तात्या मला सांगताना डोळे मिचकावत. "पर नवसच की. देव तेवढा कुठला त्ये ठाऊक न्हाय."

आक्कांचं माहेर कळसचं, इंदापूर तालुक्यातलं. वडलांकडं पूर्वी मेंढरं होती. मेंढरं कातरणाऱ्या माणसाचे हात कायम मऊ असतात, कारण लोकरीला मूळचीच चिकणाई असते, हे त्यांनी सहा वर्षांच्या असताना पाहिलं होतं आणि तेव्हापासून हा किडा डोक्यात शिरला होता. "माजा बा दिसभर उनात. चेहरा वाळल्या खारकंवानी. पर हात? आमच्या आयेनं सुदीक बघून जळावं आसं." पुढं मेंढरं गेली, शेती आली. मग लोकरीच्या जागी काय, याचा शोध बाईंनी बियांमध्ये सुरू केला.

आणि त्यांचं उत्तर होतं करडई. याला त्यांच्याकडं कारण होतं. एकदा फेब्रुवारीत मला त्या कळसला भावाच्या रानात घेऊन गेल्या. पहाटेच. मी विचारलं, "उन्हं आल्यावर गेलं तर नाही का चालणार?" रानात पोचल्यावर म्हणाल्या, "आता हात लाव." करडईचं झाड म्हणजे कमरेएवढा काटाच. पण दंवानं ते काटे भिजून मऊ पडले होते. बायका हाताला फडकी गुंडाळून भराभरा कापत होत्या. नऊ वाजता दंव उडालं आणि तेच काटे सुईसारखे ताठ झाले. सगळ्यांनी विळे ठेवले आणि भाकऱ्या सोडल्या.

"बगितलंस?" आक्का म्हणाल्या. "काट्याला मऊ कुणी केलं? पाण्यानं. पाणी उडालं की पुन्ना काटा. मानसाच्या कातड्याचं बी त्येच. तेलानं कातडं मऊ हुत न्हाय गं, पाण्यानं हुतं. तेल निस्तं दार लावून घेतं, पानी भायेर जाऊ नये म्हणून."

म्हणून त्यांचा पहिला नियम: कोरड्या अंगाला तेल लावायचं नाही. हात धुवायचे, टिपायचे, पुसून काढायचे नाहीत, आणि ओल असतानाच तेल. दुसरा नियम: चार थेंब. "पाचवा थेंब इस्त्रीवाल्याचा," म्हणजे तो कपड्यालाच लागतो. तिसरा: तेल ताजं हवं. करडईचं तेल उजेडात ठेवलं की लवकर खवट होतं, म्हणून त्यांची बाटली फडक्यात गुंडाळून धान्याच्या कणगीमागं. दर अमावास्येला बाटलीचा वास घ्यायचा. जरा जरी उग्र आला तर ते तेल देवाला. "देव वास घेत न्हाय व्हय?" असं तात्यांनी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "देव जाळून घेतो."

तेल काढायला त्या निमगाव केतकीला जायच्या, बाजाराच्या दिवशी. तिथं विजेवरचा घाणा होता. करडईचं पोतं एसटीच्या टपावर टाकून नेत आणि घाणेवाल्याच्या डोक्यावर उभ्या राहत. आधीच्या माणसाचा शेंगदाणा झाला असेल तर पहिलं निघणारं तेल वेगळं काढायला लावत. घाणेवाला वैतागून म्हणायचा, "आक्का, खायाचंच हाय न्हवं?" आक्का म्हणायच्या, "तू खा. माज्या हाताला लेखी हिसाब लागतो." लिहिता तर त्यांना अक्षर येत नव्हतं.

गल्लीतल्या बायका अंग फुटलं, टाचा उलल्या, बाळाचं डोकं खपल्यांनी भरलं की आक्कांकडं येत. पण एक सांगते, तेलाचं त्यांना कितीही वेड असलं तरी त्या कुणाला फसवत नसत. एका बाईनं पोराच्या मानेवरचा नायटा दाखवला. आक्कांनी बाटली लगेच मागं घेतली. "ह्येला तेल लावशील तर आनिक पसरंल. सरकारी दवाखान्यात जा." तिनं म्हटलं, "पर तुमचं तेल समद्याला चालतंय म्हनत्यात." आक्का भडकल्या. "कोन म्हनतं? समद्याला चालतं त्ये तेल नसतं, त्ये पुढाऱ्याचं भाशान असतं."

कुणी आभार मानले तर मात्र त्यांना खपत नसे. मी तर दिवसातून चारदा मानायची. त्यांनी भाजी दिली, आभार. दळण आणलं, आभार. एकदा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कोकणे, मला काय देवळात बशिवलंय व्हय? गप जेव की."

मला त्या कोकणीच म्हणत. त्यात माझं खोबरेल. आईनं निघताना पडल्यापडल्या सांगून मोठी बाटली भरवून दिली होती, घरच्या नारळांची. डिसेंबर आला आणि बाटली थिजली, पांढरी, दगडासारखी. आमच्याकडं अशी थंडी कुठली? आक्कांनी बाटली उलटी करून धरली, एक थेंब पडेना. "ह्ये तेल हाय का लगदा?" मला रडूच आलं. आईची बाटली होती ती. ते बघून त्या वरमल्या असाव्यात. बाटली उन्हात नेऊन ठेवली, पातळ झाल्यावर ठिपक्यांजवळ खोबरेलासाठी नवा वाफा पाडला आणि आठ दिवस प्रामाणिकपणे वागवला. निकाल सांगायला माझ्या दारात आल्या. "चांगलं हाय तुज्या आयेचं तेल. वासाला बी गोड. पर त्येला घाई न्हाय. वरच बसून ऱ्हातं, पावन्यावानी. करडई कशी, आली, आत गेली, कामाला लागली." मी आईला पत्रात फक्त पहिली दोन वाक्यं कळवली.

जानेवारीत मला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम लागलं. परदेशी जाणारा माल. लांबच लांब टेबलं, दोन्ही बाजूंनी बायका, प्रत्येकीच्या हातात बारीक टोकाची कात्री. घड देठाला धरायचा, खराब मणी कातरून टाकायचा, घड पेटीत निजवायचा. द्राक्षाच्या मण्यावर एक पांढरट साय असते, जणू कुणी पावडर फुंकली आहे. ती साय पुसली गेली की माल उतरतो. म्हणून रोज सकाळी दारातच हातांची तपासणी. नखं वाढलेली नकोत, मेंदी नको, जखम नको, पट्टी नको आणि तेलाचं बोट तर अजिबात नको. हंगामाच्या शेवटी चांगल्या बायकांना पुढच्यासाठी कायम करणार, असं साहेबांनी सांगितलं होतं. साहेब म्हणजे शेतकी पदवी घेऊन नुकताच आलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, पण मला तो हेडमास्तरांसारखा वाटायचा.

काम मला जमलं. मला काही जमतंय हे मला शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच कळत होतं. आणि तीन आठवड्यांत हात फुटले. सकाळपासून दहा वेळा साबणानं धुवायचे, नंतर थंड खोलीतली कोरडी हवा, बाहेर घाटावरचा वारा. आधी सांधे उलले, मग बोटांची टोकं. एका शनिवारी कात्री धरताना अंगठ्यातून रक्त आलं.

साहेबांनी हात बघितला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "ताई, काम तुमचं चांगलं आहे. पण रक्ताचा डाग मालावर चालत नाही. सोमवारी हात बरे दिसले नाहीत तर मला दुसरी बाई घ्यावी लागेल."

मी दुपारीच घरी आले ती थेट खोलीत जाऊन बसले. काही वेळानं आक्का दारात. "हात." मी दाखवले. त्यांनी चाळशी लावली नाही, नाकापाशी धरून बघितले. "दोन दिसात उललेलं भरत न्हाय. पर रगत थांबंल. सोमवारला तेवढं बास हाय."

"पण आक्का, तेल चालत नाही तिथं. साय पुसली जाते."

त्या थांबल्या. हा प्रश्न त्यांना इतकी वर्षं कुणी विचारला नव्हता. तेल लावल्यावर किती वेळानं हात दुसऱ्याला तेल देत नाही? त्यांचा चेहरा उजळला, जत्रेत पाळणा दिसल्यासारखा. माझ्या हातांचं दुःख त्या क्षणी त्यांना अजिबात नव्हतं, हे मला स्वच्छ दिसलं.

"द्राक्षं हायती?"

टाकून दिलेले मणी आम्हाला घरी न्यायला द्यायचे. माझ्या डब्यात मूठभर होते. आक्का ओट्यावर बसल्या. डाव्या हातावर चार वाफ्यांना चार तेलं लावली. घड्याळ त्यांना कळत नसे, म्हणून वेळा ठरल्या त्या अशा: दुधाची गाडी आली की एक, तात्यांचा चहा झाला की दुसरी, इंदापूरची गाडी फाट्यावर वाजली की तिसरी, दिवेलागणीला चौथी. प्रत्येक वेळी मी एकेक मणी एकेका वाफ्यावर अलगद टेकवायचा आणि उजेडात धरायचा. पहिल्या खेपेला सगळेच मणी चकाकले. दुसऱ्या खेपेलाही. इंदापूरच्या गाडीला शेंगदाणा आणि खोबरेल चकाकत होते, तीळ जरासा, आणि करडईच्या मण्यावर फिकट ठसा. दिवेलागणीला करडईचा मणी तसाच राहिला. पांढरा, धुरकट, झाडावरून आताच उतरवल्यासारखा.

तात्या मागं उभे राहून एकेक मणी तोंडात टाकत होते. "निकाल लागला का? मला चव समद्यांची सारखीच लागली."

"म्हंजी दिवस मावळायच्या आत लावायचं," आक्का म्हणाल्या, "सकाळपत्तुर हात कोरडा आन् कातडं ओलं. वल्ल्या हाताला चार थेंब, वर जुनं धोतराचं फडकं. आन् सकाळी? सकाळी कायबी न्हाय. शपथ घे."

मी घेतली. शनिवारी लावलं, रविवारी लावलं. सोमवारी उठले तर खरंच रक्त थांबलं होतं. भेगांच्या कडा मऊ पडल्या होत्या. मूठ वळत होती.

आणि इथं मी माती खाल्ली. निघायच्या आधी हात परत परत बघताना मला अंगठ्यापाशी एक भेग जरा लाल दिसली. साहेबांना ती दिसली तर? चार थेंबांनी इतकं झालं, तर आणखी दोनांनी ती पण मिटेल, असं माझ्या भित्र्या मनानं ठरवलं. कणगीमागची बाटली कुठं असते ते मला माहीत होतं.

दारातल्या तपासणीत सुटले. पंख्याखाली हात वाळवला होता. पण टेबलावर पहिल्याच घडाला माझा अंगठा लागला आणि सायीवर तो स्पष्ट उमटला, रेघांसकट. दुसऱ्या घडावर उमटला. तिसऱ्यावर मी कात्री ठेवली आणि स्वतःच साहेबांना हाक मारली. का मारली कोण जाणे. लपवायचं धाडससुद्धा नव्हतं म्हणा.

"तेल लावून आलात?"

"हो."

"घरी जा."

आक्का ओट्यावर तूर पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं, चोरून बाटली काढल्याचंही. वाटलं, जवळ घेतील. त्यांनी सूप खाली आपटलं.

"चार म्हनजी चार! दिवेलागणीपत्तुर म्या हातावर द्राक्षं दाबत बसली त्ये काय खेळ व्हता? माज्या करडईला बट्टा लावलास, कोकणे. आता त्यो सायेब म्हनत आसंल, आक्काचं तेल वंगाळ."

"त्यांना तुमचं नावही माहीत नाही हो."

"उद्या हुईल."

मंगळवारी सकाळी त्या माझ्याआधी तयार होत्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू आणि डावी बाही दंडापर्यंत वर सारलेली. पॅकहाऊसच्या फाटकापाशी पहारेकऱ्यानं अडवलं. त्या तिथंच एका उलट्या क्रेटवर बसल्या आणि म्हणाल्या, "सायबाला बलीव. म्हनावं, तेल आलंय."

साहेब आले. "आजी, बाहेरच्या माणसांना आत परवानगी नाही."

"मी आत कुठं येती? तुमीच भायेर आलाय. बसा." दुसरं क्रेट त्यांनी पायानं पुढं सरकवलं. साहेब बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. "द्राक्षं मागवा पाच. साय आसलेली."

मी मान खाली घालून उभी. आत टेबलांवरच्या बायका कात्र्या थांबवून बघत होत्या. मला वाटत होतं, आता आहे ते कामही गेलं आणि लाजही. साहेबांनी काय मनात आलं कोण जाणे, एक घड मागवला.

आक्कांनी हात पुढं धरला. "ही तुळस. तुळशीवर काल दिवस मावळायच्या आत करडई लावलीय. चार थेंब. आन् ह्या इच्चवापाशी आज सकाळी, हिनं लावलं तसं. टेकवा मणी. तुमीच टेकवा, नायतर म्हनाल म्हातारीनं हातचलाखी केली."

साहेबांनी एक मणी तुळशीवर टेकवला. साय जशीच्या तशी. दुसरा विंचवावर. मणी लखलखला.

"बगितलं? चूक तेलाची न्हाय. चूक येळंची हाय. आन् येळंची चूक," त्यांनी माझ्याकडं बोट केलं, "हिची हाय. भित्री हाय. पर हात बगा हिचा, शनवारी कसा व्हता आन् आता कसा हाय. आन् चुकल्यावर तिनं सोताच बलीवलं का न्हाय तुमाला?"

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी होकार दिला का ते मला आठवत नाही. मग त्यांनी विचारलं, "आजी, आमच्याकडं तीसेक बायका आहेत. निम्म्यांचे हात असेच फुटतात. दुकानातलं तेल आणून दिलं तर चालेल?"

"चालंल की. ताजं आसावं, आन् सांच्याला लावावं. माजंच घ्या आसं म्या कुठं म्हनती? मी काय इकाय बसलीय?" मग जरा थांबून, "तुमी डोळं मिटा बगू."

साहेबांनी भर फाटकात डोळे मिटले. आतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. आक्कांनी आधी उजवा हात दिला, मग डावा. "वयं सांगा."

"पासष्ट," साहेब म्हणाले, "आणि... पस्तीस?"

आक्कांनी त्यांना बारामतीतला सगळ्यांत हुशार माणूस ठरवून टाकलं. मला साहेबांनी आठवडा दिला. "सात दिवस बघू. एकही ठसा दिसता कामा नये."

ते सात दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज संध्याकाळी उन्हं उतरायला लागली की आक्का बाटली घेऊन दारात उभ्या. थेंब त्या स्वतः टाकत, मोजत, आणि बाटली परत घेऊन जात. तिची जागाही बदलली होती त्यांनी. सात दिवस गेले, महिना गेला, हंगाम संपला. माझ्या पेट्यांवर ठसा पडला नाही.

शेवटच्या दिवशी साहेबांनी काही जणींना कागद दिले. मला दिला तेव्हा तिथं उघडायचा धीर झाला नाही. घरी येऊन आक्कांच्या चुलीपाशी बसले. आक्का भाकऱ्या टाकत होत्या, तात्या पाटावर.

"काय आलंय? वाच मोठ्यांदा."

मी घडी उघडली. दोन ओळी टाइप केलेल्या. मी वाचल्या: "आपणांस पुढील हंगामापासून प्रतवारी विभागात कायम करण्यात येत आहे. कामावर हजर राहण्याची तारीख नंतर कळविण्यात येईल." परत जायचं नाही. इथंच राहायचं.

आक्कांनी भाकरी उलटली. "ब्येस. आन् पुढं? माज्या हाताचं काय लिवलंय सायबानं?"

काही नव्हतं लिहिलेलं. खाली फक्त सही. मी मान वर केली. त्या चुलीकडंच बघत होत्या, पण कान माझ्याकडं होते.

"आहे ना," मी म्हटलं आणि कागदावर नजर ठेवून वाचायला लागले. "तसेच कळविण्यात येते की, जळोची येथील आक्का यांनी करडईच्या तेलाबाबत दिलेली माहिती खरी ठरली आहे. सदर बाईंनी लांबून आलेल्या एका मुलीला घरच्यासारखे सांभाळले. तिचे हात स्वतःचे समजून राखले. तिला काही येत नाही असे तिला वाटत होते, ते खरे नाही हे तिला दाखवून दिले. त्याबद्दल त्यांचे उपकार..." आठवीपर्यंतचं सगळं मराठी मी त्यात ओतलं. तात्या घास हातात धरून माझ्या खांद्यावरून कागदाकडं बघत होते. तात्यांना वाचता येत होतं. त्यांनी तो घास तोंडात टाकला.

"चांगलं लिवतो सायेब," आक्का म्हणाल्या. "घालून ठिव डब्यात."

पण डब्यात तो कागद राहिलाच नाही. कुणी पाहुणा आला की आक्का हाक मारायच्या, "कोकणे, कागद आन." कळसहून भाऊ आला, कागद. रुसलेली नणंद आली, कागद. मी वाचायचे. दर वेळी थोडं वेगळं व्हायचं, थोडं वाढायचं. एकदा त्यात निमगावच्या घाण्यापाशी त्या दिवसभर उभ्या राहतात तेही आलं, एकदा माझ्या तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्याचं.

पावसाळ्याच्या तोंडी एका दुपारी घरात दुसरं कुणी नसताना त्यांनी कागद मागवला. मी वाचला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, उलटा धरला, सुलटा केला आणि बोटानं ओळीवरून चाचपत गेल्या.

"एक वळ. ही दुसरी. मग सायबाची सही." बोट तिथंच ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आन् तू वाचतीस ती चार भाकऱ्या हुईस्तवर."

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं.

"मला वाचाया येत न्हाय गं. मोजाया येतं."

मग त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला, भिंतीला टेकून बसल्या, पाय लांब सोडले आणि डोळे मिटले.

"हं. पुन्ना वाच. मधीच थांबू नगंस."